वीस मिनिटं

"ओढ वीस मिनिटांची असते," पोंक्षे मॅडम म्हणाल्या,
"पाहुण्यासारखी. खुर्ची दिली नाहीत
तर आपली आपण निघून जाते."
मी मान डोलावली.
आमच्याकडचे पाहुणे उभ्यानेही मुक्काम करतात
हे त्यांना कुठे सांगत बसायचं.

फोर्टात, आमच्या इमारतीच्या तळाशी बेकरी आहे.
चार वाजून पाच मिनिटांनी पॅटिसचा ट्रे बाहेर येतो
आणि वास लिफ्टची वाट न बघता
जिना चढत तिसऱ्या मजल्यावर,
कस्टम्सच्या फायलींवर मांडी घालून बसतो.

४.०६. एक ग्लास पाणी.
४.०८. आणखी एक. पाणी पोटात, वास नाकातच.
४.१०. शंभरातून सात-सात वजा करा, लक्ष उडतं.
त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर.
बहात्तर म्हणजे माझं मार्चमधलं वजन.
पुढे सरकतच नाही.

४.१२. त्यात झुरळ आहे अशी कल्पना करा.
केली.
झुरळ अलगद बाजूला काढलं
आणि खाल्लं, कल्पनेतच.

४.१५. तिला विचारा, बाई, तू कुठून आलीस?
विचारलं.
फिलोमिना आली.

बावीस वर्षं चार वाजता एकच पॅटिस, दोघींत.
स्टीलच्या फूटपट्टीने कापायची ती,
इंचांच्या बाजूने, जीभ दातांत धरून,
पापुद्र्यांचा चुरा रद्द चलनांवर.
"मोठा तू घे, तुझं लग्न व्हायचंय अजून."
लग्न झालं नाही.
तुकडा मात्र मोठाच मिळत राहिला.
गेल्या मे महिन्यात ती रिटायर झाली, वसईला गेली.
फूटपट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
सात इंचांपाशी अजून तेलकट.

मॅडम, तुमच्या तक्त्यात
सकाळ, दुपार, रात्र, कॅलरी एवढेच रकाने.

४.१९. एकच मिनिट उरलं होतं, बरं का.
मी खाली गेले. एक घेतलं.
लिफ्टमध्ये कागद उघडून
अर्धं गंगावण्यांपुढे धरलं.
"नको, बाई. शुगर." त्यांनी जाळी ओढली.
"उपाशीपोटी दोनशे ऐंशी."
कागदावर तेलाचं वर्तुळ पसरत होतं,
आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो.
"मग चार वाजता काय करता तुम्ही?"
"करतो काय. मजले मोजतो.
कितीही वर नेली तरी
शेवटी बेकरीपाशीच येते ही."

तिसरा आला.
त्यांनी जाळी उघडली नाही.
"चौथ्यावर जाऊन येऊ?"
चौथा दोन वर्षं रिकामा आहे.
मी हो म्हटलं.
लिफ्ट कुरकुरत निघाली,
आम्ही दोघं, आणि मधोमध ते,
दोन तुकडे, एक जरासा मोठा.