ओव्हर

आम्ही त्याला ओव्हर देणं म्हणतो.
सकाळी साडेसात, पुरुषांचा मेडिकल वॉर्ड,
हातात रजिस्टर, पायांत रात्रभराचं शिसं.
मी बोलते, घरत सिस्टर मान हलवते,
बेडमागून बेड दोघी पुढे सरकतो.
एक, ताप उतरला.
चार, सलाईन नऊला संपेल, नस सापडत नाही, जपून.
सात रिकामा.
कसा रिकामा ते ती विचारत नाही,
चादर नवी आहे, तेवढं पुरतं.
अकरा, गोसावी काका, रात्रभर जागे, स्पंज दिलाय.
मग मी म्हणते, "एवढंच,"
आणि वॉर्ड माझा राहत नाही.

दुसरं ओव्हर प्रतीक्षानगरच्या जिन्यात.
दिगंबर वरून उतरतो, खाकी शर्टाची कॉलर अर्धी आत,
मी खालून चढते.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पाण्याच्या मीटरांपाशी
तो ओव्हर देतो:
ऋजूचा दात पडला. काडेपेटीत ठेवलाय.
टाकू देत नाही, आईला दाखवायचाय म्हणते.
दूध उतू गेलं, भांडं घासलंय, शेगडी नाही.
तुझ्या आईचा फोन होता, रागात नव्हत्या.
पाणी साडेनऊला जाईल.
मी सवयीने विचारते, "ताप?"
"कुणाला?"
"कुणाला नाही."
तो माझी पिशवी हातात घेऊन डब्याचं वजन बघतो.
जड लागला की त्याला कळतं रात्र कशी गेली.
परत देतो. बोलत नाही.
चार मिनिटं. कधी तीन.
लग्नाला अकरा वर्षं झाली,
त्यातला बराचसा संसार ह्या वळणावर उभ्याउभ्या.

मागे पालकसभेत मी बाकावरच झोपले होते.
बाई म्हणाल्या, असू दे, झोपू दे त्यांना,
आणि प्रगतिपुस्तक हळूच माझ्या पर्समध्ये सरकवलं.
ऋजूने हे घरी सांगितलं ते कौतुकाने की लाजेने,
मला अजून नीट कळलेलं नाही.

तर त्या गुरुवारी
खिडकीला काळी ओढणी लावून मी आडवी झाले
आणि दुपारी दोनला ऋजूच्या आवाजाने उठले.
"आई, तुझं नाक केवढं मोठं दिसतंय!"
तिच्या नाकावर गोसावी काकांचा चष्मा.
एक दांडी दोऱ्याने बांधलेली.
स्पंज देताना त्यांनी माझ्या हातात दिला होता
आणि मी एप्रनच्या खिशात.
वॉर्डला फोन लावला. घरत म्हणाली,
सकाळपासून कुणाचा चेहरा ओळखत नाहीयेत,
पण तक्रार नाही गं.
म्हणतात, बाई घेऊन गेलीय, आणेल.

पावणेतीनला आम्ही दोघी बसस्टॉपवर,
माझ्या पायांत दोन वेगळ्या चपला.
त्याची बस आली.
पुढच्या दाराने एक पायरी चढून
मी रुमालात गुंडाळलेला चष्मा दिगंबरला दिला.
"अकरा नंबर. गोसावी. गेटवर वॉचमनकडे दे."
मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, घरी बोला घरी!"
दिगंबरने एवढंच विचारलं, "झोपलीस का?"
आणि गिअर टाकला.
ऋजू बस वळेपर्यंत हात हलवत होती.
बापाला दुपारच्या उजेडात
कितीतरी दिवसांनी बघत होती ती.

रात्री ड्युटीवर गेले तेव्हा
काकांच्या डोळ्यांवर चष्मा होता.
त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
"तुझे डोळे लाल आहेत, पोरी."
मी त्यांचं बीपी लिहून घेतलं.
ह्या वाक्याला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

शुक्रवारी सकाळी, मीटरांपाशी, दिगंबर:
चष्मा पोचला ना?
शेगडी घासली.
ऋजू रडून झोपली.
"का?"
"दात तू अजून बघितला नाहीस."

उरलेल्या पायऱ्या मी कशा चढले आठवत नाही.
शेगडीजवळ दोन काडेपेट्या होत्या.
पहिली उघडली,
तिच्यात काड्या.