नंतर आठवण करा

मंगळवारी वाचनालय बंद असतं.
झुगदिदीत त्या दिवशी मी एकटा,
गॅसची शेगडी, कुणीतरी विसरलेली हेझलनटची पिशवी
आणि अकरा संगणक.
प्रत्येकाला वेगळ्या भाषेत सांगावं लागतं : ऊठ बाबा, बदल.

लिनक्सवाले सहा. एक ओळ टाइप केली
की ब्राउझरसकट अख्खं घर झाडून घेतात,
फक्त एखादी खिडकी उघडी राहिली असेल
तर ती जुन्याच हवेवर चालत राहते
आणि मधेच घुसमटते.
विंडोज दहा पडद्याआड सगळं उरकतं,
मग कोपऱ्यात छोटासा बाण लावून बसतं,
पाहुण्यानं चहा मागू नये, पण कपाकडे बघत राहावं, तसं.
दानात आलेला मॅक म्हणतो, आधी मला बदल, मग ब्राउझरला.
आणि त्याला बदलेल असं काही
त्याच्या कंपनीनं पाठवणं केव्हाच सोडलंय.
त्याचं इंटरनेट काढलं. पोरं त्यावर घोडे काढतात.

राहता राहिला पाच नंबर.
विंडोज सात. खिडकीशी.

त्याच्यापुढे त्सिआला बसते
दर गुरुवारी चार वाजता, टोपी न काढता,
आणि बारीमध्ये, इटलीत,
दुसऱ्याच कुणाच्या आईला भरवून झालं
की तिची तेकले पडद्यावर येते. पाऊण तास.
दीड वर्षं वर एक पिवळी पट्टी यायची :
या यंत्राला यापुढे अपडेट मिळणार नाहीत.
त्सिआला दाबायची, 'नंतर आठवण करा'.
मला म्हणायची, बाकुरी, मी डॉक्टरलाही हेच सांगते.
मी हसायचो.
हसायला नको होतं, ते माझं काम होतं.

गेल्या गुरुवारी पट्टी आली नाही.
पांढरं पान, मधोमध एक वाक्य :
तुमचा ब्राउझर फार जुना आहे.
"हे यंत्राला म्हणतंय," तिनं विचारलं, "की मला?"

मी तिला तीन नंबरवर नेलं. सगळं ताजं, कालच बदललेलं.
बसली. बोटं कीबोर्डवर अधांतरी.
"माझी अक्षरं?"
तेव्हा आठवलं.
पाच नंबरच्या कळांवर आमची तेहतीसच्या तेहतीस अक्षरं
तिनं लाल नेलपॉलिशनं काढली होती,
तेकले जाताना मोरीत विसरलेल्या बाटलीतून.
वाचनालयाच्या मालमत्तेवर. मी पाहिलं होतं,
नोंद केली नव्हती.

बारीत एक वाजून दहा मिनिटं.
टेबलाखाली शिरलो, धुळीतून वायर ओढली,
पाच नंबरचा कीबोर्ड तीन नंबरला जोडला.
लिनक्सनं घेतला.
कुणाचा, कुठल्या सालचा, काही विचारलं नाही.

तेकले आली, आधी चौकोनाचौकोनांत, मग सबंध.
"आई, आज किती स्पष्ट दिसतेस!"
त्सिआलानं टोपी आणखी खाली ओढली.
"म्हणूनच तर नको म्हणत होते."

जाताना माझ्या मनगटावर हात ठेवून
आमच्याकडे म्हणतात ते म्हणाली :
तुझी पीडा मला लागो.

आज मंगळवार. पाच नंबर कायमचा बंद करायला आलोय,
यादीत त्याच्यापुढे फुली मारून झाली आहे.
पण हाताच्या सवयीनं 'अपडेट शोधा' दाबलं गेलं
आणि तो शोधू लागला.
हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून.
मला माहीत आहे, तिकडे कुणी नाही.
वायर काढता येईल.
मी पिशवीतला एक हेझलनट फोडला.
मग आणखी एक.