रिकामे रकाने

वेर्खोयान्स्कच्या डोंगरात मे महिना म्हणजे
दिवसा चिखल, रात्री काच.
लार्चची झाडं अजून नुसत्या काड्या,
आणि व्सेवोलोद अर्काद्येविच गुडघ्यावर वही ठेवून
एका मेलेल्या लेमिंगची लांबी मोजतोय.

एकशे नऊ मिलिमीटर. शेपूट अकरा,
म्हणजे शेपूट आहे असं म्हणायची आपली रीत.
पाठीवर डोक्यापासून निघालेली काळी रेघ,
टाक झटकताना कुणाच्या हातून ओढली गेल्यासारखी.
नाव अमूर लेमिंग.
अमूर नदी इथून किती तरी लांब, दक्षिणेला.
या मुठीएवढ्या जिवाने ती कधी पाहिलेली नाही.

वहीत रकाने आहेत.
एका वेळी पिल्लं किती? चार, सहा. पुढे प्रश्नचिन्ह.
खातो काय? शेवाळ. पुन्हा शेवाळ.
हिवाळ्यात कुठे? बर्फाखाली असावा.
एकूण किती उरले? आडवी रेघ.
आवाज? आडवी रेघ.

"आवाज कसा नाही?"
मेलानिया क्रिवोशापकिना शेगडीत लाकूड सारते.
एवेन बाई, साठीची,
रेनडिअरांच्या मागे हे डोंगर सगळे पायाखालचे.
"जानेवारीत झाडं गोठून तडकतात ना,
त्या दोन तडक्यांच्या मधे
फांद्यांच्या अंथरुणाला कान लावायचा.
खालून येतो.
कातड्याची शिवण कुणी सावकाश उसवत असावं,
तसा."

तो लिहीत नाही. एकाच माणसाचं ऐकणं,
त्याला रकाना नाही.
पण हे त्याला माहीत आहे:
वर उणे पन्नास असताना
खाली शेवाळापाशी उणे आठ असतं.
मधल्या त्या बेचाळीस अंशांत
एक अख्खी जात राहते,
बोगदे खणते, वितेवर,
पोट भरते अशा हिरव्याने
ज्याला दुसरं कुणी तोंड लावत नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याला ओढ्याकाठी नेते.
बर्फ विरघळून उघडं पडलेलं घरटं:
गवताचा गोळा, नारिंगाएवढा,
आत राखाडी-पांढरे केस, पोकळ, ऊबदार.
ती नाकाशी धरते.
बराच वेळ.
"माझा उचाक."
तिच्या स्वारीचा रेनडिअर. दोन शरदांपूर्वी
दगडांच्या फटीत त्याचा पाय मोडला होता.
पुढचं काम तिलाच करावं लागलं.

"केसांवरून कसं ओळखलंत?"
"तू एकशे नऊ कसं ओळखलंस?"

मग आपणहून सांगते की
हा उचाक लेमिंग खायचा.
वसंतात, जिभेला मीठ हवं असलं की,
खुराने दाबून, कचकन.
एकदा तिने थोबाडीत दिली होती त्याच्या,
पाय तोंडाबाहेर हलत होते म्हणून.
रेनडिअर लेमिंग खातो, हे वहीत आहे,
एका ओळीत, अधोरेखित.
लेमिंग रेनडिअर पांघरतो, हे नाही.

तो पुठ्ठ्याची पेटी पुढे करतो. चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, उंची.
याकुत्स्कच्या संग्रहात असं घरटं एकही नाही, म्हणतो,
आणि म्हणताना खाली बघतो.
मेलानिया चिमूटभर केस काढून
हातमोज्यात कोंबते.
बाकीचं देते.
"सांभाळून ने. चुरा होतो."

त्या रात्री, जिला इथे मे अखेरीस रात्र म्हणणं अवघडच,
व्सेवोलोद अर्काद्येविच पोटावर पालथा पडून
कान जमिनीला लावतो.
फांद्यांचा डिंक गालाला चिकटतो.
खाली ओल, ओलीखाली
कधीच न वितळणारी जमीन,
आणि मधे कुठे तरी काही तरी सरकतंय, थांबतंय, सरकतंय.

मेणबत्तीशिवाय वही उघडून
आवाजाच्या रकान्यात तो लिहितो: पाणी.
खोडतो.
पुन्हा कान लावतो.
तंबूच्या पलीकडच्या बाजूला
मेलानिया एव्हाना घोरू लागली आहे,
आणि आता तर काहीच ऐकू येत नाही.