चार तास, एक पेला

मंगळवार आणि शुक्रवार.
परळ, तिसरा मजला, खाट नंबर नऊ.
अच्युतच्या डाव्या हातातून रक्त बाहेर जातं,
मशीनमधून फिरून परत येतं.
चार तास.
मी खुर्चीवर.

पहिले दोन महिने मोबाइल बघितला.
मग एकदा चार्जर घरी राहिला
आणि पर्सच्या तळाशी भाचीची पेन्सिल सापडली,
शेंड्याला चावलेली.
केसपेपरच्या पाठीवर मी पेला काढला,
समोरच्या टेबलावरचा, स्टीलचा.
बादली झाली.

एलिमेंटरीला ‘क’ श्रेणी होती माझी.
चित्रकलेच्या राऊळबाई म्हणाल्या होत्या,
हात बरा आहे गं, घाई वाईट.

पेल्याचं तोंड गोल असतं, हे मला माहीत होतं.
म्हणून मी गोल काढत राहिले
आणि चुकत राहिले.
पाचव्या की सहाव्या मंगळवारी
पेन्सिल खाली ठेवून नुसतं पाहिलं.
गोल नव्हताच तो.
बसल्या जागेवरून लांबट,
मिटत आलेल्या डोळ्यासारखा.
उभी राहिले, उघडला.
बसले, मिटला.
किती वेळ माझी ऊठबस चालली होती कोण जाणे,
नेल्सन ब्रदर हळूच म्हणाला,
‘मॅडम, बाथरूम डावीकडे.’

मन काही जागेवर बसत नाही.
काठाची रेघ अर्ध्यावर असते, तेवढ्यात
सोसायटीची मीटिंग, क्रिएटिनिन,
फ्रीजमधलं परवाचं वरण,
आणि ते एक, जे मी कुणालाच बोलत नाही.
रेघ तिथे हलते.
पूर्वी खोडायचे. आता
हलली तिथूनच पुढे काढते.

दहा नंबरच्या खातूनबी विचारतात,
‘आज भी वही गिलास?’
तोच.
पण आज ऊन सरकून त्याच्या पोटात शिरलंय,
आत वाकडी खिडकी, वाकडी खाट,
नळीचा एक बोटभर लाल तुकडा.
माझ्याकडे लाल नाही.
तेवढी जागा कोरी सोडते.

गेल्या शुक्रवारी अच्युतला डोळा लागला होता.
पेल्याच्या शेजारी त्याचा हात,
वर्षभर ज्याच्याकडे मी धड पाहिलं नव्हतं तो.
कोपराखाली सुंभासारखी फुगलेली शीर.
तिच्यावर बोट ठेवलं की आत गुणगुण लागते,
घरी, रात्री, मशीन नसतानाही.

शीर काढता येईना.
मग तिच्या कडेची सावली काढली,
नुसती सावली, हलक्या हाताने,
टाच्यांच्या डागांना वळसा घालून,
आणि शीर आपली आपण वर आली.

अलार्म वाजला. नेल्सन पट्टी बांधायला आला.
अच्युतने डोळे उघडले, कागद ओढला.
‘कुणाचा हात?’
‘नऊ नंबरचा.’
बराच वेळ बघत होता.
‘अंगठा कुठाय?’

राहिलाय.
मंगळवारी.