शहाण्णव

परीक्षा मी नर्सच्या खोलीत घेते.
भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, दाराशी वजनकाटा,
मध्ये सात वर्षांच्या माणसाला साजेलसं टेबल,
त्याच्याखाली माझे गुडघे मावत नाहीत.

बाहेर नेब्रास्कातला जानेवारी.
मक्याच्या खुंटांवर बर्फ, रुळांपलीकडे
मांसाच्या कारखान्याची वाफ.
वारा तिकडून सुटला की सगळ्या वर्गांत
एकच वास भरतो. त्याला पात्रता लागत नाही.

ब्रिजर हॅन्सन साडेनवाला आला.
दाताच्या डॉक्टरांचा मुलगा. खुर्ची स्वतःच ओढून घेतली,
आणि मी पान उलटते न उलटते तोच म्हणाला,
"हे आमच्या घरच्या वहीत आहे, बेचाळिसाव्या पानावर.
फक्त तिथले त्रिकोण हिरवे आहेत."
मी चेहरा हलू दिला नाही.
चेहरा हलू द्यायचा नाही, असं पुस्तिकेत छापलंय.
नव्व्याण्णव.

मग यारेत्सी. मधली सुट्टी अर्धी टाकून आलेली,
एक हातमोजा ओला, दुसरा कुठे ते माहीत नाही.
लाल-पांढरे नऊ ठोकळे तिने असे जुळवले
जसं कुणी घाईत केसांची वेणी घालतं,
बोटांकडे न बघता.
मी घड्याळ थांबवायचं विसरता विसरता राहिले.

मग ते पान: चमचा, काटा, सुरी, बशी.
यातलं वेगळं कोण?
उत्तर बशी. बाकीच्यांना दांडा असतो.
ती बराच वेळ बघत बसली. खिडकीवर बर्फ टिकटिकत होता.
"सुरी," म्हणाली.

का, हे विचारायची मुभा नाही.
मी विचारलं.

"सुरी कामाला जाते. कारखान्यात तिला कपाट आहे,
कुलपाचं, त्यावर पप्पांचं नाव.
बाकीचे तिघं घरीच असतात.
रात्री पप्पांची बोटं मिटत नाहीत ना,
तेव्हा काटा मी धरते."

शून्य.
समासात मी तिचं सगळं म्हणणं लिहून घेतलं,
बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी.
यंत्र समास वाचत नाही.
शहाण्णव. दार सत्त्याण्णवला उघडतं.

दर मंगळवारी मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीत
आमची निवडलेली बारा मुलं जमतात.
छपरावरून अंडं न फोडता खाली कसं आणायचं, ते शिकतात.
खोटं कशाला बोलू, छान शिकवतात तिथे.
ब्रिजरचं अंडं फुटलं त्या दिवशी
तो टेबलाखाली जाऊन बसला आणि तास संपेपर्यंत निघाला नाही.
हरायचं कसं, हे त्या वहीत
कुठल्याच पानावर नव्हतं.

पालकांना पत्रं गेली.
"आपणांस कळविण्यात येते की आपला पाल्य सद्यस्थितीत..."
जाड कागद, खाली शाळेचा सोनेरी शिक्का.
वर्गाच्या बाई, मिसेस ओस्टरगार्ड,
यारेत्सीच्या घरी गेल्या होत्या, कोट द्यायला.
त्यांनी सांगितलं: पत्र फ्रिजवर लावलंय,
मक्याच्या कणसाच्या चुंबकाखाली, अगदी मधोमध.
आईने शिक्का पाहिला आणि
चांगलंच असणार, असं समजून घेतलं.
"मग तुम्ही काय सांगितलंत?"
"काय सांगणार? कॉफी प्यायले."

एक गुण.
माझ्या पेन्सिलीच्या टोकाला रबर होतं.
एकवीस वर्षं मी ते कधी वापरलं नाही,
आणि याचाच मला आजवर अभिमान होता.

आज रात्री टेबल मांडताना
चमचा ठेवला, काटा ठेवला, बशी ठेवली.
सुरी हातात घेऊन उभी राहिले.
नवऱ्याने दोनदा विचारलं, काय झालं.
मी त्याला म्हटलं, थांब,
मला अजून वेळ हवाय.