मापाची वही

सेलूत, मोंढ्याच्या मागं आमचं दुकान.
बाबा फीत लावायचे, आकडा बोलायचे,
मी स्टुलावर बसून वहीत मांडायची.
खांदा सतरा. छाती छत्तीस. बाही तेवीस.
गडीमाणूस म्हणजे तेव्हा
एका ओळीत मावणारी गोष्ट.

सोळाव्या वर्षी आला भानुदास घुगे,
आखाड्यातून थेट, कानाला माती तशीच.
बाबा म्हणाले, खांदा साडेअठरा.
पेन्सिलीचं टोक मोडलं.
बाबांनी ब्लेड पुढं केलं, वर पाहिलं नाही.
त्या रात्री चादरीवर फीत पसरून
साडेअठरा म्हणजे किती, ते मी बघून घेतलं.
माझे दोन्ही खांदे त्यात मावून
वर चार बोटं उरत होती.
त्या चार बोटांत मी वर्षभर राहिले.

दिलं ते सोळा खांद्याच्या माणसाला.
खोटं कशाला बोलू,
लग्नाच्या फोटोत मी भलतीकडंच बघतेय.
पण दुसऱ्या बाळंतपणानंतर परभणीहून येताना
एसटीत बसायला जागा नाही,
एका हातानं दांडा धरलेला,
दुसऱ्यावर थोरली झोपलेली,
मानवत रोड येईस्तोवर तो हात हलला नाही.
कोपरापासून मनगटापर्यंत
एक शीर वर आली होती, हिरवट,
तिच्यावर माझा जीव जडला.
तेरा वर्षं.
आता चेहरा फोटोत बघावा लागतो,
शीर बघावी लागत नाही.

फीत माझ्या हातात आली तेव्हा
गावाला दोन महिने करमणूक झाली.
बाईमाणूस, अन् गड्याच्या छातीला हात लावती!
लावला. पोरी शिकवायच्या होत्या.
त्या दिवसांत मला कसला माणूस आवडायचा म्हणाल तर
नखं कापलेला.
आठ दिसाला नळ येणाऱ्या गावात
ज्याच्या मानेमागं मळाची रेघ नाही, असा.
एवढ्यावर मी एखाद्याची बाही
घरी नेऊन हातानं टीप मारलीय.

भानुदास परवा आला, लेकाच्या लग्नाचा सफारी.
खांदा अजून साडेअठरा, काय सांगावं.
मी मनात म्हणलं,
पाव मीटर कापड जास्त लागंल.

वही आता वैभवी लिहिते, भावाची पोरगी, एकोणीस पूर्ण.
जिममधली पोरं येतात,
बाही दंडाला टाइट पाहिजे म्हणतात.
दंड साडेचौदा म्हणलं
की ती आकडा दोनदा विचारते.
मी दोनदा सांगते.
टोकयंत्र तिच्याजवळच ठेवलंय.

कंबरेला फीत गेली की गडी पोट आत ओढतो.
सरपंच असो, हमाल असो, मास्तर असो,
श्वास सोडा, म्हणावंच लागतं.
मागच्या सोमवारी पंडित गायके आले,
लाइनमन होते, आता रिटायर,
नातीच्या बारशाला सफारी पाहिजे.
श्वास सोडा, म्हणलं.
सोडलेलाच आहे की, म्हणाले.
बेचाळीस.
पुरते बेचाळीस, दोराभर इकडंतिकडं नाही.
कानात पांढरे केस, पायात रबरी चप्पल,
डावा खांदा अर्धा इंच खाली.
तीस वर्षं हत्यारांची पिशवी
त्याच बाजूला होती म्हणे,
खांबावर चढताना.
माझा हात तिथं जरा जास्त वेळ राहिला.
फीत अडकली होती, असं समजा.

असा खांदा आला की आम्ही आतून पॅड घालतो,
बाहेरून सरळ दिसतो. चाळीस रुपये वेगळे.
मी म्हणलं, पॅड नको घालायला.
ते म्हणाले, तुमची मर्जी.

आत्या, हे कसं लिहू? वैभवीनं विचारलं.
लिही, डावा खाली.
आणि ट्रायलची तारीख
जरा अलीकडची टाक.