खारं पाणी

मथुताई ढोके सायकलवर आल्या.
कॅरिअरला सुतळीनं बांधलेली तागडी,
हँडलच्या पिशवीत छापील पुस्तक:
‘तूरडाळ, पाव शेर. शिजण्यास वेळ अर्धा तास.’

पारावर जागा दिली नाही कोणी.
‘चूल का शिकवा लागते बायायले?’
मग सरकीच्या कोठ्यात वर्ग भरला.
सात जणी. एक चाळणी परत द्यायला आलेली,
एक पोर शोधत,
माझी आई ‘उभ्याउभ्याच पाह्यतो’ म्हणत.

अर्धा तास झाला, तास झाला.
डाळ गंजात खड्यांसारखी वाजत राहिली.
सरपण संपलं, बाई घामाघूम,
आणि साती जणी पदरात तोंड खुपसून हसल्या.
‘पूर्णेकाठचं पानी हाय, बाई.
याच्यात मानूस शिजते, दाय नाई शिजत.’

मथुताईंनी पेन्सिल काढली,
छापील ओळीवर काट मारली,
समासात लिहिलं:
आधी विचारावे, पाणी कुठल्या विहिरीचे.

मग तागडी घरोघर फिरली.
वहीत रकाने: सासरा, नवरा, मुलगा, सालदार, मुलगी,
कोणाच्या ताटात किती छटाक.
शेवटचा रकाना: स्वतः.
तो कोराच यायचा,
नाहीतर ‘उरलं तं’.
आईच्या पानावर बैलाच्या ढेपेचंसुद्धा वजन आहे.
तिचं नाही.

बाई रागावल्या नाहीत. भाषणही केलं नाही.
‘उद्या आधी तुझं मोज,’ म्हणाल्या,
‘तव्यावरून उतरल्याबरोबर. थंडीचं वजन चुकते.’

हे खोटं होतं. आईला तेव्हाही माहीत होतं.
पण आजोबांनी ‘हे कायचं सोंग’ विचारलं
तेव्हा ती तागडीमागून म्हणाली,
‘मंडळाचं काम हाय. वही भरा लागते.’

चौथ्या उन्हाळ्यात एकेचाळीस जणी
बंड्या जुंपून दर्यापूरला गेल्या,
साहेबाच्या टेबलावर गंज ठेवला,
कच्च्या डाळीचा, झाकणासकट.
‘शिजवून दाखवा.’
साहेबानं झाकण उघडून पुन्हा लावलं.

गोडं पाणी यायला आणखी अकरा वर्षं लागली.
मथुताईंची तोवर दोनदा बदली झालेली,
सायकल कोणाकडे गेली, ठाऊक नाही.

वही माझ्याकडे आहे.
कसरीनं पुष्कळ खाल्ली.
आईच्या वाकड्या अक्षरातला एक आकडा उरलाय,
शेवटच्या रकान्यात:
चार छटाक. गरम.